भाईंदरच्या गाळ्यातली पोकळी

कराडहून कोणी मुद्दाम भाईंदर बघायला जात नाही. लोक काशीला जातात, केरळला जातात, आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार तर बायकोला घेऊन थायलंडला जाऊन आला. मी चार दिवस भाईंदरला गेलो आणि असा हादरून परत आलो, की घरी आल्यावर माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. शेवटी बायको म्हणाली, "लिहून काढा एकदाचं. घास हातात धरून भिंतीकडे बघत बसता ते मला बघवत नाही." म्हणून हे लिहितोय.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून सुटलो. सरकार कसं चालतं ते आपल्याला आतून-बाहेरून ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. माझी धाकटी बहीण शैला मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहते. तिचे यजमान सुरेशराव यांचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचा गाळा आहे. शैलाचा फोन आला, "दादा, यांना सरकारचं काम मिळालंय. क्वांटमचं. बुधवारी तपासणी आहे आणि यांनी जेवण सोडलंय. तू सरकारातला माणूस, चार दिवस येऊन नुसता बस. यांना धीर येईल."

क्वांटम ही पंख्यांची कंपनी असावी असं मला वाटलं. बॅग भरली.

सोमवार. केबिन रोड

सुरेशराव मला केबिन रोडवरून गाळ्याकडे घेऊन निघाले. एवढ्याशा रस्त्यात त्यांनी फरसाणवाल्याशी गुजरातीत चौकशी केली, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडण केलं आणि मला मराठीत सांगितलं, "दादा, डावीकडनं चाला, गाडी येतीये." मी एका भाजीवाल्याकडे मराठीत कोथिंबीर मागितली, त्याने ती हिंदीत दिली आणि दोघांचंही काही अडलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला चहा म्हणजे कप काठोकाठ भरून बशीत सांडला पाहिजे. इथे दोन घोटांचा कटिंग हातात आला. मला वाटलं, चव बघायला दिलाय. मी बाकीच्या चहाची वाट बघत उभा राहिलो, तोवर सुरेशराव पुढे निघूनही गेले होते.

गाळा म्हणजे लांबट खोली. पुढच्या भागात चार बफ फिरत होते. बफ म्हणजे कापडाच्या चकत्यांचं चाक. त्यावर मेणासारखी पॉलिशची वडी टेकवायची आणि भांडं दाबून धरायचं. काळा धूर उडतो, माणसं डोळ्यांपर्यंत काळी होतात आणि त्यांच्या हातातून डबा मात्र आरसा होऊन बाहेर पडतो. मी अर्धा तास बघत उभा राहिलो.

मग सुरेशराव म्हणाले, "दादा, चपला काढा." मागच्या बाजूला प्लास्टिकचे पडदे लावून एक कोपरा वेगळा केलेला. मी चपला काढल्या, हातही जोडायच्या बेतात होतो. आत देव नव्हता. टेबलावर ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली एक वस्तू होती, पाच किलो तांदळाच्या डब्याएवढी.

"हे ते," सुरेशराव हळू आवाजात म्हणाले. "चेंबर. याच्यात अणूंचं घड्याळ बसणार."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी मला समजावलं. एका धातूचे अणू लेझरने इतके गार करतात, की ते जवळपास जागच्या जागी थांबतात. त्या थांबलेल्या अणूंवरून वेळ मोजायची. पण आत हवेचा कण जरी राहिला, तर तो अणूला धडकतो आणि सगळा खेळ मोडतो. म्हणून या डब्यातली हवा इतकी उपसायची, की आत उपग्रह फिरतात तिथल्यासारखी पोकळी झाली पाहिजे. "आजवर आपण डबे केले ते आत काहीतरी भरायला," सुरेशराव म्हणाले. "हा पहिला, ज्याच्यात काहीच राहायला नको."

मी खरोखर सुन्न झालो. भाईंदरच्या या गाळ्यांच्या लाइनीत, शेजारी चमचे ठोकले जातायत, समोर टपरीवर वडे तळले जातायत, आणि मध्ये हा माणूस अंतराळ बनवतोय. त्याहून मोठा धक्का सरकारचा बसला. क्वांटम तंत्रज्ञान देशात उभं राहावं म्हणून सरकारने मोहीम काढलीय, एवढं पेपरात येतं. पण त्या मोहिमेतल्या माणसांनी सुरेशरावांना नऊ पानांच्या लेखी सूचना दिल्या, नकाशा दिला, दोन आठवडे प्रयोगशाळेत बोलावून आर्गन वेल्डिंग नव्याने शिकवलं, आणि अडलं की फोन करा म्हणून एक नंबर दिला. मी विचारलं, "उचलतात?"

"पहिल्या रिंगला," सुरेशराव म्हणाले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लोकांकडून आयुष्यभर ऐकत आलो आणि खरं सांगायचं तर मीही लोकांना थांबवत आलो. पहिल्या रिंगला फोन उचलणारं सरकार मला माहीत नव्हतं.

"मग तुम्ही जेवत का नाही?" मी विचारलं.

ते स्टुलावर बसले. "दादा, असा चेंबर बाहेरून मागवला तर सहज येतो. पण उद्या बाहेरच्याने नाही म्हटलं तर? म्हणून सरकारने ठरवलंय, आधी देशात विचारायचं. देशात कोणालाच जमलं नाही तर फाइलवर तसं लिहायचं, मग बाहेरचा घ्यायचा. आमच्या आधी दोघं प्रयत्न करून सोडून गेले. आता मी. माझा नापास झाला तर ते वाक्य फाइलवर पडणार, 'देशात कोणी करू शकत नाही.' एकदा ते पडलं की पुन्हा या लाइनीत विचारायला कोण येतंय?" बोलता बोलता ते बाहेर बघत होते. लाइनीतल्या कितीतरी गाळ्यांची शटरं खाली होती. स्टीलचे डबे आता लोकांना नको झालेत.

मंगळवार. गाळ्यातच

दुसऱ्या दिवशी सुरेशराव तांब्याच्या रिंगा आणायला अंधेरीला गेले. चेंबरची झाकणं बसवताना मध्ये त्या घालतात. मला म्हणाले, "तुम्ही बसा. फक्त लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी खुर्ची टाकली आणि त्या नऊ पानी सूचना वाचायला घेतल्या. इंग्रजी स्वच्छ होतं. वेल्ड कुठून करायची, धातू कुठला, धुवायचं कशाने, सगळं लिहिलेलं. दुपारी गाळ्यातले जुने बफ कारागीर लल्लनचाचा डबा घेऊन माझ्यासमोर बसले. जौनपूरकडचे, पण भाईंदरमध्ये इतकी वर्षं झाली होती की बोलणं खिचडीचं झालं होतं. त्यांनी मला भाजलेल्या वांग्याचा चोखा दिला. आमच्या भरतासारखाच, फक्त शेंगदाण्याचं कूट नाही आणि वर कच्चं मोहरीचं तेल. पहिल्या घासाला ते नाकात गेलं. दुसरा मी मागून घेतला.

"साहब, तुम्ही सरकारमध्ये होते ना?" चाचांनी विचारलं.

"चौतीस वर्षं."

"मग एक सांगा. बत्तीस साल झाला मला इधर. या गाळ्यातनं एक चमचा भी माझ्या हाताशिवाय नहीं गया. हा पहिला माल आहे. मालिक बोले, चाचा, इसको तुम हाथ नहीं लगाना. क्यूं, ते नाही सांगितलं." त्यांनी घास खाली ठेवला. "बाहर से देखो, काला-पीला. अंदर से भी मटमैला. ऐसा माल सरकार को देणार? भाईंदरचं नाक कटेल, साहब."

मी उठून कागद जरासा उलगडून आत डोकावलो. चाचांचं खरं होतं. आतलं स्टील मळकट करड्या रंगाचं दिसत होतं, ॲसिडने धुतलेलं. आणि त्या क्षणी माझ्यातला उपअभियंता जागा झाला.

ज्यांनी आमच्या खात्यात काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटलं की आम्ही रस्त्याकडे बघायचो नाही. रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचो, मैलाचे दगड रंगवायचो, विश्रामगृहाच्या कुंपणाला पांढरा हात द्यायचो. साहेब गाडीतून बघणार, त्याला पट्टे दिसणार, तो "छान" म्हणणार. रस्ता कसा आहे ते खाली उतरल्याशिवाय कळत नाही आणि खाली कोणी उतरत नसे. ही माझी विद्या. त्या विद्येच्या जोरावर मी चाचांना म्हणालो, "चाचा, सरकारी माणसाला चकचकीत लागतं."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "पण मालिक..."

"मालक काळजीने अर्धे झालेत. मी नऊ पानं वाचली. बफ करू नका असं एका पानावर, एका ओळीत लिहिलेलं नाही. जे मना केलेलं नाही ते चालतं. आमच्या खात्यात अशीच रीत आहे."

एवढं पुरेसं होतं. चाचांनी मुठीएवढा छोटा बफ काढला, लोट्याच्या आतून पॉलिश करायला वापरतात तो. दोन तास ते त्या डब्यात हात घालून बसले होते. मी शेजारी उभा राहून बॅटरी धरली. मग त्यांनी तो साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला आणि होता तसा कागदात गुंडाळला, घडीवर घडी. आतून असा झळकत होता की मला त्यात माझे दोन्ही कान दिसले. चाचांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझा हात धरला आणि सुरेशरावांना उद्यापर्यंत काही सांगायचं नाही, तपासणीतच बघू दे, असं आमचं ठरलं. इतक्या आनंदात मी बऱ्याच वर्षांत नव्हतो.

बुधवार. तपासणी, आणि पुढे उत्तन

तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होतो. टेंपोतून एक तिशीतली मुलगी उतरली. जीन्स, पाठीला सॅक, हातात जेवणाचा डबा. मी तिच्या मागून साहेब उतरायची वाट बघत राहिलो. मागून पंप उतरला, दोन यंत्रं उतरली, टेंपो निघून गेला.

"मी डॉ. रेजिना," ती म्हणाली. "तपासणीला मीच."

सुरेशरावांनी चहा मागवला. तिने नको म्हटलं. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. आमच्याकडे पाहणीला आलेला साहेब परत निघाला की त्याच्या डिकीत गुळाची ढेप आणि शेंगांचं पोतं आपोआप जाऊन बसायचं. मी हळूच सुरेशरावांना कोपराने डिवचलं, की हिला काही नाराजी आहे का. ते म्हणाले, "नियम आहे, दादा."

नियम आणखीही होता. कागद उघडायचा तो तपासणाऱ्यानेच, मालकाने चार पावलं लांब उभं राहायचं. मॅडमनी हातमोजे चढवले, कागद काढला, आत बघितलं आणि जरा थांबल्या. "आतून पॉलिश केलंय?"

सुरेशराव दाराशी वायरमनबरोबर वायर ओढत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "हो. इथेच करून घेतलं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. झाकणं बसली, पंप सुरू झाला, बाहेरून वेल्डवर हेलियम वायू फुंकला. कुठे सुईएवढी गळती असती तर यंत्र ओरडलं असतं. ते गप्प राहिलं. एक सांधा, दुसरा, शेवटचा. मॅडम म्हणाल्या, "वेल्डिंग अप्रतिम आहे. आता याला तापवायचं आणि पंप चालू ठेवायचा. आत किती हवा उरली तो आकडा उद्या सकाळी बघू." सुरेशराव बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. चाचांनी लांबूनच माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

दुपारी मी समुद्र बघावा म्हणून भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. खिडकीजवळ डॉ. रेजिना बसलेल्या. माहेर उत्तनचं, कामासाठी दुसऱ्या शहरात राहतात, दोन दिवस आईवडिलांकडे उतरल्या होत्या. बस मुर्धा, राई, मोरवा अशी गावं घेत निघाली. एका बाजूला मिठागरं होती, पांढरे ढीग उन्हात चमकत होते. मोरव्याला कौलारू घरासमोर एक बाई तांदूळ पाखडत होती आणि तिच्या मागे लांबवर टॉवर उभे होते. कराडचा माणूस असं काही बघायला तयार नसतो. मी मान वळवून वळवून बघत राहिलो.

उत्तनच्या बंदरावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, दोन दोन एकमेकांच्या जबड्यात अडकवून. वास असा आला की मी रुमाल काढला आणि मग लाजून परत खिशात घातला. मॅडमचे वडील जाळं शिवत बसले होते. त्यांनी मला होडीच्या लाकडावर बसायला जागा करून दिली.

"ही आमची पोर सरकारात हाय," ते म्हणाले. "काय करते त्ये आमाला कळत न्हाय."

"बाबा, घड्याळ."

"घड्याळ. त्ये घरात दोन हायत." ते हसले आणि मूठभर सुके बोंबील कागदात बांधून माझ्यापुढे केले.

"बाबा, त्यांना नको देऊस. ते गाळ्यावरचे पाहुणे आहेत. काम चालूये माझं."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. "सुकं बोंबील पन चालत न्हाय सरकारला?"

मी मॅडमना विचारलं, की सरकारला एवढं अचूक घड्याळ हवंय कशाला. त्यांनी वडिलांच्या होडीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. धुक्यात होडी कुठे आहे ते यंत्र सांगतं, ते उपग्रहातल्या घड्याळावर. घड्याळ चुकलं की जागा चुकते, होडी खडकावर. ते घड्याळ दुसऱ्याच्या हातात असेल तर आपली वाटही दुसऱ्याच्या हातात. "खाजगी कंपनी असं काम आता घेणार नाही," त्या म्हणाल्या. "विकत घेणारं अजून कोणी नाही. सुरुवातीला सरकारनेच गिऱ्हाईक व्हायचं, सरकारनेच शिकवायचं. बाजार मागून येतो. पण आम्हालाही सगळं कळतं असं नाही. सूचना लिहिताना आम्ही बाहेरचे कागद बघून लिहितो. भाईंदरचा गाळा काय करेल ते त्या कागदात कुठून असणार?"

मी सहज म्हणून विचारलं, "स्टीलला समजा थोडं तेलबिल लागलं, तर ते धुऊन जातं ना?"

"वरचं जातं. बोटाचा ठसा लागला तरी आम्हाला धुवावं लागतं. पण बफवर घासलं तर संपलं. घासताना स्टीलचा पातळ थर पसरतो आणि पॉलिशचं मेण त्याच्याखाली गाडलं जातं. कितीही धुवा, ते आत बसून महिनोन्महिने वायू सोडत राहतं." मग मला विचारलं, "तुमच्याकडे आत विजेवर पॉलिश केलं ना? ॲसिडमध्ये बुडवून?"

समोर समुद्र होता, माणसं बोलत होती, आणि माझ्या कानात फक्त तो छोटा बफ फिरत होता. मी "हो, म्हणजे, असंच काहीतरी" असं पुटपुटलो आणि शेवटची बस सुटेल म्हणून उठलो. बस सुटायला अजून तीन तास होते. मी चालत निघालो, वाट चुकलो, एका वाडीत शिरलो आणि कोणीतरी हाताला धरून मला थांब्यावर आणून सोडलं.

शैलाने भरलं पापलेट केलं होतं. सुरेशराव खुशीत होते, म्हणाले, "दादा, तुमचा पायगुण." मी मान खाली घालून जेवलो. कदाचित काही होणारही नाही, उद्या बघू, असं मी मनाला सांगितलं. खात्यात मी अनेक पूल असेच उद्यावर ढकलले होते.

गुरुवार. पुन्हा गाळा

आकडा दहाचा उणे नववा घात हवा होता. तो उणे सातव्यावर अडून बसला होता. म्हणजे आत हवी त्याच्या शंभर पट हवा. मॅडमनी पुन्हा हेलियम फुंकला. गळती नाही. मग दुसरं यंत्र जोडलं, आत कुठला वायू आहे ते सांगणारं. पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या.

"ही हवा नाही," त्या म्हणाल्या. "तेल आहे. मेण."

सुरेशराव टेबलाला धरून उभे होते. "माझंच धुण्यात काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले. "सोळा वेळा धुतला. सतराव्यांदा धुवायला हवा होता." तीस वर्षं डबे घडवलेल्या आपल्या हातांकडे ते असे बघत होते, की ते दुसऱ्याचे हात असावेत. मला ते बघवेना आणि तरीही माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पडदा बाजूला करून लल्लनचाचा आत आले. चपला काढायला विसरले नाहीत. "मॅडम, मैंने किया. परसों. अंदर से बफ मारा. मालिक को मालूम नहीं."

सुरेशरावांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही.

"कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"किसी ने नहीं. मेरे मन से." चाचा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पाहुण्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कारण कळलं, पण मला हे असं लिहावं लागेल की कारागिराने मालकाच्या सांगण्याविरुद्ध काम केलं. गाळ्यात काय चालतं त्यावर ताबा नाही. मग दुसरी चाचणी मिळत नाही. आमच्या सूचनांमुळे गैरसमज झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी सूचना वाचलेल्याच नाहीत."

सुरेशराव म्हणाले, "लिहा, मॅडम. त्यांच्यावर काही येऊ देऊ नका, एवढंच."

चौतीस वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या. एक मोरी वाहून गेली, एका शाळेचं छत गळलं. प्रत्येक वेळी चौकशीत मी कागद असा फिरवला, की चूक शेवटी ठेकेदाराची निघाली नाहीतर पावसाची. माझ्या सहीखाली माझी चूक असा एक कागद सरकारच्या दप्तरात नाही. याचा मला अभिमान होता.

"सूचना मी वाचल्या," मी म्हणालो.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"नऊच्या नऊ पानं. बफ करू नका असं कुठेही नाही. मी चाचांना तसं सांगितलं आणि करायला लावलं. आतून पॉलिश केलंय का, असं तुम्ही विचारलंत तेव्हाही मीच हो म्हणालो. काल बंदरावर तुम्ही सांगितलंत तेव्हा मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो." मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सुरेशराव बाहेर जाऊन बंद शटरच्या पायरीवर बसले.

मॅडमनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या. काय सांगितलंत, ते त्याच शब्दांत."

मी लिहिलं. पूर्ण नाव, जुनं पद, खातं. सरकारी माणसाला चकचकीत लागतं असं मी म्हणालो, हेही लिहिलं. सही केली. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, ते वाक्य खोडायला सांगतील.

"हे असंच राहू दे," त्या म्हणाल्या. "वर वाचायला हवं हे कोणीतरी." आणि त्यांनी अहवालात लिहिलं: सूचनांमध्ये उणीव, दुसरी चाचणी द्यावी.

त्याच संध्याकाळी मी निघालो. निरोपाला शैला आली, सुरेशराव आले नाहीत. चाचांनी मला चोख्याचा डबा बांधून दिला. तो मी घेतला, कारण मला आता सरकारचा कुठलाच नियम लागू नव्हता.

कराडला येऊन दोन महिने झाले. शैलाकडून कळत होतं, की आतला थर ॲसिडमध्ये विजेवर उतरवून घेतला, चाचांनीच तो डबा पोराला सांभाळावं तसा नेला-आणला. सुरेशरावांचा मला फोन नव्हता, मीही करायला धजलो नाही. परवा दुपारी त्यांच्या नंबरवरून एक फोटो आला. सरकारच्या सूचनांचं नवं पान होतं. आता दहा पानं झालीत. दहाव्या पानावर एकच कलम, खाली पेनाने रेघ मारलेली:

"चेंबरचा आतील पृष्ठभाग कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही सांगण्यावरून, बफ करू नये."

फोटोखाली सुरेशरावांनी दोन शब्द लिहिले होते. "दादा, पास."

आयुष्यभर मी लोकांना सरकारचे नियम दाखवले. देशाच्या क्वांटम मोहिमेत माझी भर एका कलमाची आहे, आणि ते कलम माझ्याविरुद्ध आहे. मी ते पान छापून आणलं आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. "कोणाच्याही" या शब्दाशी माझा आवाज फुटला, तेव्हा तिने कागद माझ्या हातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं.